तोळाभर शिसं

पेणमध्ये ऑक्टोबर आला की माणसं वैतागलेली असतात. पाऊस गेलेला, थंडीचा पत्ता नाही, शेतात भात पिवळं पडत चाललेलं आणि घरात पंख्याखाली बसूनही घामाच्या धारा. काल शेजारच्या काकू पदराने वारा घेत म्हणाल्या, "हा महिना कॅलेंडरातून फाडूनच टाकायला पाहिजे गं बाई." मी आपली मान हलवली. पण खरं सांगायचं तर माझं अंग अजून बहरीनच्या सवयीवर चालतं. तिथे ऑक्टोबर म्हणजे सुटका.

तिथे पाच महिने दाराची कडी हाताला चटका देते. गार पाण्याच्या नळाला कढत पाणी येतं आणि घरातल्या गारव्यातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. मग एखाद्या सकाळी वारा फिरतो. उत्तरेकडून कोरडा वारा यायला लागतो, चष्मा स्वच्छ राहतो, समोरच्या इमारतीवरची कबुतरंसुद्धा मोजता येतात. गुदैबियातल्या आमच्या गल्लीतला केरळी हॉटेलवाला खुर्च्या पुन्हा फुटपाथवर मांडायला लागतो. नव्वदच्या दशकातली आठ वर्षं मी हा बदल बघितला. आता इथे घामाघूम होऊन बसलेली असतानाही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो वारा मला लागतोच.

आणि त्या वाऱ्याबरोबर मला काडतुसं आठवतात. हसू नका. मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. दिवाळीत लवंगी लावायची तरी मी उंबऱ्याच्या आत उभी राहणारी. पण एका वर्षी हरणाच्या शिकारीला कोणतं काडतूस न्यावं या विषयावर मी जेवढं वाचलं, तेवढं वाचलेली दुसरी मराठी बाई सगळ्या आखातात सापडली नसती.

मनाम्याच्या जुन्या बाजाराला लागून आमचं ऑफिस होतं. एअर कंडिशनर आणि त्यांचे सुटे भाग विकायचे. मी तिथे सेक्रेटरी होते, म्हणजे टायपिंग, फॅक्स, टेलिफोन आणि मालकाचा मूड असं चारही सांभाळायचं. मालकाला तिथे सगळे अरबाब म्हणत. आमचा अरबाब साठीला आलेला, उंच, रुंद खांद्यांचा. तरुणपणी वडिलांच्या व्यापारासाठी मुंबईत राहिलेला, त्यामुळे हिंदी फर्डं बोलायचा आणि रागवायचा तेही मुंबईच्या हिंदीत. उन्हाळाभर आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसे. सगळ्या बहरीनचे एसी एकदमच बंद पडायचे. वारा फिरला की टेलिफोन गप्प व्हायचे आणि अरबाबला शिकार आठवायची.

त्या वर्षी त्याच्या थोरल्या मुलाने, तो इंग्लंडमध्येच स्थायिक झाला होता, बापाच्या साठीची भेट म्हणून स्कॉटलंडमधली शिकार ठरवून दिली. एक दिवस, एक डोंगर, एक हरीण. तिथली हरणं तांबडी, आपल्या सांबरासारखी थोराड, आणि दर हंगामात ठरावीक मारायची तिथे रीतच आहे. शिकार घडवून आणणाऱ्या वाटाड्याचा फॅक्स आला. त्याच्याकडे तीन रायफली होत्या. रायफल काडतुसाप्रमाणे असते, एका मापाचं काडतूस दुसरीत चालत नाही, तेव्हा पाहुण्यांनी काडतूस कळवावं, तशी रायफल तयार ठेवतो, असं त्याने लिहिलं होतं. खाली तीन नावं. दोनशे त्रेचाळीस, तीनशे आठ, तीनशे मॅग्नम. मला आधी वाटलं, हॉटेलातल्या खोल्यांचे नंबर आहेत.

अगदी शेवटी एक ओळ होती. पाहुण्याला बंदुकीचा धक्का किती सोसतो ते प्रामाणिकपणे कळवा, बाकीचं मी बघतो.

ही ओळ मी अरबाबला वाचून दाखवली नाही. माझ्या नोकरीचं निम्मं काम म्हणजे लोकांचं फटकळ बोलणं गुळगुळीत करून पुढे सरकवणं. ज्याच्या एका सहीवर सगळ्या ऑफिसचे व्हिसे चालतात, त्या माणसाला 'तुम्हाला सोसेल का हो?' असं विचारायचं कसं? मी ती ओळ गिळली आणि फॅक्स फाइलला लावला.

मग मी कामाला लागले, म्हणजे लावली गेले. अरबाबच्या मित्रांकडून बंदुकांचे जाडजूड कॅटलॉग आले. त्याला बारीक अक्षर दिसत नसे आणि चष्मा घालायचा नसे, म्हणून मी वाचायचं आणि हिंदीत सांगायचं. पितळेची पुंगळी, आत दारू, टोकाला गोळी. गोळी म्हणजे तांब्याच्या पातळ सालीतलं शिसं. हरणासाठी टोकाला साल नसलेली गोळी हवी, ती आत गेल्यावर फुलते आणि जनावर लवकर पडतं. पुरती साल चढवलेली आरपार निघून जाते आणि जनावर पळत राहतं. हे सगळं मी संध्याकाळी घरी सांगत बसे. एकदा नवरा म्हणाला, "अगं, तू वाल सोलता सोलता हरणाच्या फुप्फुसाबद्दल बोलते आहेस. तुझ्या आईने ऐकलं तर मला काय म्हणेल?"

आई काही म्हणाली नसती. वडील मात्र म्हणाले असते. ते पेणचे सोनार. गोळ्यांचं वजन कॅटलॉगात ग्रेनमध्ये दिलेलं होतं आणि त्या शब्दापाशी मी थबकले, कारण हा शब्द माझ्या ओळखीचा होता. मी गुंजांशी खेळत वाढले. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. वडिलांच्या पेटीत इंग्रजी अमदानीतलं एक पितळी वजन होतं, त्याच्या पाठीवर बारीक अक्षरात कोरलेलं होतं, १८० ग्रेन. एक तोळा.

आणि कॅटलॉगात मॅग्नमच्या गोळीपुढे लिहिलेलं होतं, एकशे ऐंशी ग्रेन. बरोबर एक तोळा, एक गुंज इकडे नाही की तिकडे नाही. परक्या मुलुखात अचानक माहेरचं माणूस भेटावं तसा मला आनंद झाला. मी उठले आणि तडक केबिनमध्ये गेले.

"अरबाब, ये बड़ावाला पूरा एक तोला है."

तो खुर्चीत सरळ झाला. "तोला? सच्ची?"

आखातात तोळा कुणाला समजवावा लागत नाही. ऑफिसपासून चार पावलांवर सोन्याचा बाजार, तिथे सगळा व्यवहार तोळ्यात. त्याने विचारलं, "और बाकी?"

"बीचवाला दस मासा. छोटावाला छह मासा, पाँच गुंज."

"मासा!" त्याने माशी हाकलावी तसा हात झटकला. "मर्द आदमी मासे से मारेगा? खलास. तोला लिखो."

मी हसत हसत बाहेर आले. केवढं डोकं चालवलं असं मला वाटत होतं. पेढीवर बसलेल्या माणसाला जेवढं वजन जास्त तेवढं बरं, हेच रक्तात भिनलेलं असतं. शिशाला हा नियम लागू नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

ते शिकवलं हसनभाईंनी. हसनभाई आमचे स्टोअरकीपर, दापोलीकडच्या बुरोंडीचे, पन्नाशीतले, शांत. नवऱ्याशी त्यांची दोस्ती, म्हणून ऑफिसातही मला वैनीच म्हणायचे. मी त्यांना तोळ्याची गंमत सांगितली. त्यांनी हातातली यादी खाली ठेवली.

"वैनी, हे काय केलात तुम्ही?"

"का? काय झालं?"

"अवो, तोळ्याची गोळी पुढं फेकायला मागं दारू किती लागते? ती पुढं ढकलते तशीच मागं लाथ घालते. आणि आपला अरबाब बंदुकीच्या बाराला भितो."

मी म्हटलं, "काहीतरीच काय!"

"काहीतरी नाय. गेल्या हिवाळ्यात बागेत डबे मारत होता तेव्हा मी शेजारीच उभा. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो आणि मान फिरवतो. तेला म्हायतीच नाय. कुणालाच आपलं आपल्याला कळत नाय."

हसनभाईंच्या वडिलांकडे गावी बंदूक होती, डुकरं शेतात शिरायची म्हणून परवान्याची. तिच्यावरच हसनभाईंचा हात बसलेला, त्यामुळे त्यांच्या बोलण्यावर मला शंका घ्यायला जागा नव्हती. मग त्यांनी मला दुसरी गोष्ट सांगितली, जी अरबाबने कधीतरी माल उतरवताना त्यांना सांगितली होती. तिशीत असताना अरबाब समुद्रापलीकडच्या वाळवंटात हरणाच्या शिकारीला गेला होता. बिस्मिल्ला म्हणून त्याने गोळी झाडली, हरणाचा मागचा पाय मोडला आणि ते तीन पायांवर पळालं. सूर्य बुडेपर्यंत जीपने शोधलं, मिळालं नाही.

"अल्लाचं नाव घेऊन मारलेलं जनावर," हसनभाई म्हणाले, "आणि ते ना धड मेलं, ना कुणाच्या मुखी लागलं. कुठंतरी वाळूत तडफडत पडलं असणार. तेव्हापासून त्यानं हरणावर बंदूक उचलली नाय. वारा फिरला की हेच आठवतं तेला. मला म्हणाला, गोळी हलकी होती म्हणून झालं."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"गोळी हलकी नव्हती, वैनी."

मला घाम फुटला. बाहेर इतका छान वारा सुटलेला आणि मला घाम. म्हणजे मोठ्या कौतुकाने मी त्याच्या हातात तेच देत होते, ज्याने दुसरंही हरीण तीन पायांवर पळणार होतं. मी म्हटलं, "उत्तराचा फॅक्स अजून गेलेला नाही. सांगा ना त्यांना."

"कोण सांगणार? तुम्ही सांगाल?"

हसनभाईंच्या व्हिसाच्या रिन्यूअलचा फॉर्म तेव्हा माझ्याच ट्रेमध्ये होता, अरबाबच्या सहीसाठी. मुदत महिनाअखेरची. सही झाली नाही तर त्यांना सामान बांधावं लागलं असतं, आणि गावी चौघं जण त्यांच्या एकट्याच्या जिवावर. अशा वेळी माणसाने मालकाला भित्रा म्हणावं, असं मी तरी कुणाला सुचवलं नसतं. ठेवलेली यादी उचलत ते म्हणाले, "तोंडानं नाय सांगता येणार. बघू."

त्या शुक्रवारी अरबाबने ऑफिसच्या लोकांना घरच्यांसकट बागेत जेवायला बोलावलं. दरवर्षी वारा फिरला की तो असं बोलवायचा. बुदैयाच्या रस्त्याला त्याची खजुराची बाग होती, पाटात पाणी खेळवलेलं, खाली चटया अंथरलेल्या. सकाळचे नऊ वाजले असतील. मी थर्मासमधला चहा ओतत होते. अरबाबने परवान्याची जुनी दुनळी बंदूक मागवली आणि कुंपणाच्या भिंतीवर दूध पावडरचे रिकामे डबे मांडायला सांगितले. हसनभाई म्हणाले, "लाओ अरबाब, मैं भर के देता हूँ."

पहिला बार झाला, डबा उडाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा बार भिंतीवर लागला, माती उडाली. हसनभाईंनी बंदूक घेतली, आमच्याकडे पाठ करून मधोमध मोडून उघडली, काडतुसं भरली, मिटवून परत दिली. अरबाबने दस्ता खांद्याला लावला, ओठ हलवून बिस्मिल्ला म्हटलं आणि चाप ओढला.

नुसतं टक् झालं.

बार झालाच नाही, पण अरबाबचं सगळं अंग हिसकलं. डोळे घट्ट मिटलेले, मान वळलेली, खांदा पुढे लोटलेला आणि नळीचं टोक हातभर खाली. न आलेल्या धक्क्यापुढे तो असा उभा होता आणि आम्ही पंधरा-वीस माणसं बघत होतो. त्याने डोळे उघडले तेव्हा त्यालाही दिसलं, नळी जमिनीकडे होती. कुणी हसलं नाही. मी चहा ओतायची थांबले होते.

त्याने स्वतःच बंदूक मोडली आणि काडतूस काढून बघितलं. उडवलेलं, रिकामं काडतूस होतं.

"ये तुमने डाला?"

"जी, अरबाब," हसनभाई म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण ते जागेवरून हलले नाहीत. "मेरे बाप ने मेरे को ऐसेच दिखाया था."

अरबाबने काडतूस खिशात टाकलं, बंदूक त्यांच्या हातात दिली आणि तो घरात निघून गेला. मग तिथूनच नमाजाला गेला. मटणाची भली मोठी परात आली, आम्ही खाली माना घालून जेवलो. माझ्या नवऱ्याने ताटात नुसता भात कालवला. परतीच्या वाटेवर गाडीत हसनभाई एवढंच म्हणाले, "आता जे व्हायचं ते होवो." मला रडू येत होतं आणि ते चूक मी केली म्हणून होतं, त्यांच्यासाठी नव्हे. हे आज मान्य करायला हरकत नाही.

शनिवारी आठवडा सुरू झाला. अरबाब आला, कुणाशी बोलला नाही. सह्यांचा ट्रे आत गेला आणि बाहेर आला. सगळ्या कागदांवर सही होती, हसनभाईंच्या फॉर्मवर नव्हती. तो चुकून राहिला की मुद्दाम ठेवला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. दुपारपर्यंत मी धीर गोळा केला. मग फाइलमधून फॅक्स काढला आणि आत गेले.

"अरबाब, इसमें एक लाइन और थी. मैंने पढ़ी नहीं."

"पढ़ो."

मी वाचली. धक्का किती सोसतो ते प्रामाणिकपणे कळवा.

"पहले क्यों नहीं पढ़ी?"

"आपको बुरा लगता."

"और अभी?" तो म्हणाला. त्याने खिशातून ते रिकामं काडतूस काढून टेबलावर ठेवलं. बोटाने ते एकदा फिरवलं. मग म्हणाला, "लिखो. छोटावाला. लिखो कि कंधा ठीक नहीं है."

मी खांदा असंच टाइप केलं. गुळगुळीत करायचा अधिकार या वेळी त्याचा होता.

दहाव्या दिवशी तो स्कॉटलंडला गेला. मुदत संपायला आठवडा उरला होता, फॉर्म तसाच ट्रेमध्ये. हसनभाई रोज येऊन पंखे, कॉम्प्रेसर, गॅसचे सिलिंडर मोजून जायचे आणि ट्रेकडे बघायचे नाहीत. मी दोनदा म्हटलं, फोनवर आठवण करून देऊ का? ते म्हणाले, "नको. तेला तेचं काम करू दे." आता वाटतं, त्या आठवड्यात ऑफिसातले आम्ही दोघं जेवढा त्या परक्या डोंगरावरच्या हरणाचा विचार करत होतो, तेवढा तो वाटाड्याही करत नसेल.

दुपारच्या शिफ्टला फोन वाजला. आवाज लांबचा, मागे वारा. "हसन को दो."

हसनभाई उभ्यानेच ऐकत होते. एकदा "जी" म्हणाले, मग "अल्हमदुलिल्ला" म्हणाले आणि फोन ठेवून एसीच्या खोक्यावर बसले.

"काय झालं?"

"पळालं नाय, वैनी," ते म्हणाले. "जागेवर बसलं." आणि त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं.

मी सुटकेचा श्वास टाकला. मग मनात आलं, मी कधी न बघितलेल्या एका देशात, माझ्या हाताने टाइप केलेल्या काडतुसाने एक जिवंत जनावर मेलं आणि मला आनंद कशाचा झाला, तर ते झटकन मेलं याचा. हा आनंद बरा की वाईट, ते मी अजून ठरवलेलं नाही. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. वाल मात्र सोलले.

अरबाब परत आला तेव्हा मुदतीला दोन दिवस बाकी होते. नाक उन्हाने नव्हे, थंडीने सोललेलं. आल्या आल्या माझ्या टेबलापाशी उभ्यानेच त्याने ट्रेमधला फॉर्म ओढला, सही केली आणि हसनभाईंना बोलावून त्यांच्या हातात दिला. बागेबद्दल एक अक्षर नाही. हसनभाईंनीही सलाम केला, बाकी काही नाही. मला वाटलं, संपलं.

पण तो केबिनच्या दारापर्यंत जाऊन वळला.

"मॅडम, वो छोटावाला तुम्हारे वजन में कितना था?"

"छह मासा, पाँच गुंज."

त्याने उजवा हात पुढे केला आणि रिकाम्या तळव्यावर काही ठेवल्यासारखा किंचित खालीवर केला. आम्ही दोघं बघत होतो.

"बस, इतना ही?"

"इतनाच, अरबाब."

"तीस साल," तो म्हणाला, "मैं बोलता रहा, उस दिन गोली हलकी थी."

मग तो आत गेला आणि दार हळूच लावून घेतलं. हसनभाई फॉर्म हातात धरून तसेच उभे होते.